दादाच्या आधी वहिनी गेली

दादा रोज दारू पीत होता तेव्हाच वहिनी आणि मी अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी असते त्या, मिटिंगला जायला लागलो. हे मी सगळ्यात आधी लिहून टाकते कारण ज्याला कळतं की आमच्या घरात असं असं होतं तो फोन करतो आणि हमखास एकच वाक्य बोलतो, "पण तो तयारच नाही ना व्हायला, काय करू सांग." कोणाचा नवरा तयार नाही, कोणाचा पोरगा तयार नाही, एका काकूंचा तर जावई तयार नाही. अहो तो नसेल तयार, तुम्ही तर आहात ना? घरच्यांची मिटिंग वेगळी असते, तिथे जायला त्याची परवानगी लागत नाही, त्याची दारू सुटलेली असावी लागत नाही, तो आत्ता या क्षणी भट्टीवर बसलेला असला तरी तुम्ही त्या खोलीत जाऊन बसू शकता.

आमचं घर नागपुरात, मानेवाड्याकडे. दादा वाडीला एका ट्रान्सपोर्टमध्ये सुपरवायझर, रात्री गाड्या लोड होईपर्यंत थांबायचं आणि मग "बसायचं", हे त्या लाइनमध्ये इतकं रोजचं आहे की त्याचं कोणाला काही वाटत नाही. पहिली काही वर्षं आम्हालाही नाही वाटलं. घर बौद्ध आहे, हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आणि बाजूला 22 प्रतिज्ञांची फ्रेम. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या प्रतिज्ञा दिल्या त्यातली एक सरळ सरळ "मी दारू पिणार नाही" अशी आहे, आणि आमचे आजोबा त्या दिवशी त्या गर्दीत उभे होते. त्यामुळे आईला दादाचं पिणं पैशाचं किंवा तब्येतीचं नुकसान म्हणून जेवढं लागायचं त्याच्या कितीतरी पट आजोबांचा अपमान म्हणून लागायचं. विहारात वंदनेला दादा यायचा, यायचा म्हणजे आई आणायची, आणि पंचशील म्हणताना मी बाजूला उभी असायची तर चौथ्या शीलापर्यंत त्याचा आवाज ऐकू यायचा आणि पाचव्याला, सुरामेरय म्हणताना, थांबायचा. ओठ मिटून समोर पाहत राहायचा. त्याला कोणी लेक्चर द्यायची गरज नव्हती, त्याला सगळं माहीत होतं, आणि ही गोष्ट मला फार उशिरा नीट समजली की माहीत असून थांबता न येणं हाच तर तो आजार आहे.

घरात जे जे करतात ते सगळं झालं. फोटोसमोर शपथ झाली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून झालं, मोठ्या काकांना बोलावून बैठक झाली. वहिनी बाटलीवर नेलपेंटचा बारीक टिपका लावून ठेवायची, किती उतरली ते सकाळी पाहायला. मग दादा पाणी टाकून लेव्हल टिपक्यापर्यंत आणायला लागला, मग वहिनी चव घेऊन पाहायला लागली. ज्या बाईने आयुष्यात दारूला हात लावला नाही ती सकाळी सहा वाजता ओट्यापाशी उभी राहून जिभेवर थेंब घेऊन राहिली आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आजारी फक्त दादा नाहीये.

पावडरचं सांगायलाच पाहिजे. शेजारच्या बाईने पुडी आणून दिली, "वरणात टाका, त्याला कळत पण नाही, महिन्याभरात सुटते". भिंतींवर आणि ऑटोच्या मागे ज्या जाहिराती असतात ना, पेशंटच्या नकळत दारू सोडवा, तसलीच. आई टाकणारच होती. माझी एक मैत्रीण मेडिकल स्टोअर चालवते, तिला दाखवली तर ती ओरडलीच माझ्यावर. तिचं म्हणणं असं की अशा पुड्यांमध्ये बरेचदा डायसल्फिराम असू शकतं. ते खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, तपासण्या करून देतात, कारण ते पोटात असताना दारू प्यायली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लालबुंद होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, आणि हार्टचा त्रास असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. ज्याला माहीतच नाही की आपल्याला काय दिलंय तो तर पिणारच ना. पुडी तिने तिथेच डस्टबिनमध्ये टाकली. तुमच्या घरात अशी पुडी असेल तर कृपा करून तुम्हीही टाका.

एका व्यसनमुक्ती केंद्रातही जाऊन आलो. गेटवरचा माणूस म्हणाला, "तुम्ही फक्त पत्ता द्या ताई, चार पोरं पाठवतो, उचलून आणतो." आत भेटू द्यायला तयार नाही, डॉक्टर कोण आहेत सांगायला तयार नाही. वहिनी मागे फिरली, बोलली पण नाही काही. सगळी केंद्रं अशी नसतात, पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालू आहे आणि तिथून बरे होऊन आलेली माणसं मी स्वतः भेटले आहे. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रासही येतात, त्यामुळे माणसाला भरती करून ठेवणाऱ्या ठिकाणाची नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, आठवड्यातून भेटता येतं का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्या हातात आपला माणूस देऊ नका.

मिटिंगचा पत्ता कसा लागला, तर सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत. नागपुरात मेडिकलला आणि मेयोला दोन्हीकडे हा विभाग आहे. आम्ही दोघीच गेलो होतो, पेशंट नाही सोबत, त्यामुळे नंबर लागेल की नाही हीच धाकधूक, पण तिथल्या समुपदेशक मॅडमनी बसवून घेतलं आणि सगळं ऐकून झाल्यावर वहिनीला विचारलं, "तुम्ही झोपता किती तास?" वहिनीला रडूच आलं, कारण इतक्या वर्षांत तिच्या झोपेबद्दल कोणी विचारलंच नव्हतं, माझ्यासकट. मॅडमनी कागदावर दोन नावं लिहून दिली. एक अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, दादासाठी, तो जेव्हा येईल तेव्हा. दुसरं अल-अनॉन, घरच्यांसाठी. म्हणाल्या दुसरीकडे या आठवड्यातच जा.

घरी येऊन मी वाचत बसले. एए 1935 मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावात सुरू झालं, बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब नावाचा सर्जन, दोघंही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलून त्यांना कळलं की दारुड्याचं दारुड्याला जेवढं पटतं तेवढं बायकोचं, डॉक्टरचं, कोणाचंच पटत नाही. आणि नवरे मिटिंगमध्ये असायचे तेव्हा बाहेर थांबलेल्या बायका आपसात बोलायला लागल्या, त्यातून 1951 मध्ये बिलच्या बायकोने, लोइसने, अल-अनॉनची घडी बसवली. म्हणजे ज्या माणसाने एए काढलं त्याच्या बायकोलासुद्धा स्वतःसाठी वेगळी जागा लागली. मला हे वाचून बरं वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही.

आपल्या देशाचा आकडा पण तेव्हाच वाचला. 2019 मध्ये सरकारने एम्सकडून करून घेतलेला सर्व्हे आला, त्यात असं निघालं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 लोकांमागे फक्त एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. बाकीच्या 37 घरांत नेलपेंटचे टिपके चालू असतील.

तर मिटिंग. कुठे होती ते मी लिहीत नाही, कोण कोण होतं, काय बोललं तेही नाही, कारण तिथला पहिला नियम हाच आहे की इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, आणि त्या नियमामुळेच वहिनी तोंड उघडू शकली. खोलीचं सांगते. शाळेचा वर्ग, लहान पोरांचे बाक, त्यामुळे सगळ्या बायका गुडघे एका बाजूला करून तिरप्या बसलेल्या, फळ्यावर अर्धं पुसलेलं गणित. दहा-बारा जणी आणि एक म्हातारे काका, ते त्यांच्या मुलासाठी येतात. कोणी नाव-गाव-आडनाव विचारलं नाही, आडनाव न विचारणं ही आमच्यासारख्यांसाठी किती मोठी गोष्ट आहे ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल. फॉर्म नाही, फी नाही. शेवटी एक कापडी पिशवी फिरते, ज्याला वाटेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे, नवीन आलेल्याने तर टाकायचीही गरज नाही. बाहेरच्या कोणाची देणगी ते घेत नाहीत, खोलीचं भाडं आणि चहा त्याच पैशातून. एकेक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, मधे कोणी तोडत नाही, "तू असं कर ना" असा सल्ला कोणी देत नाही. नागपूरच्या बायकांची खोली आणि कोणी कोणाला सल्ला देत नाहीये, मी तर पाहतच राहिले बाप्पा.

वहिनी पहिल्या वेळी बोलली नाही, बोलायची सक्ती नसते, "मी आज फक्त ऐकते" म्हटलं की पुढच्याचा नंबर. पण तिथे तिने तीन गोष्टी ऐकल्या ज्या ती अजून म्हणते: ही दारू माझ्यामुळे लागली नाही, माझ्याने ती आवरली जाणार नाही, आणि माझ्याने ती बरी होणार नाही. सासरच्या एका एका माणसाने तिला कधी ना कधी ऐकवलं होतं की बायको नीट असती तर पोरगा घरी थांबला असता. ते ओझं तिने त्या लहानशा बाकावर बसून खाली ठेवलं. हे मी अंदाजाने लिहीत नाहीये, परत येताना स्कूटीवर मागे बसून ती मला हेच सांगत होती, सक्करदऱ्याच्या सिग्नलवर हिरवा लागून गाड्या हॉर्न मारून राहिल्या तरी आम्हाला कळलं नाही.

मग घरात काय बदललं? दादा नाही बदलला, तो पीतच होता. वहिनीने टिपके लावणं बंद केलं. सकाळी त्याच्या साहेबांना "यांना ताप आहे" म्हणून जो फोन करायची तो बंद केला, "अहो, तुमचा फोन तुम्ही करा" एवढंच म्हणाली, शांतपणे, भांडण नाही. रात्री त्याची वाट पाहत उपाशी बसणं बंद, पोरीला घेऊन नऊला जेवायची आणि झोपायची. दारात पडला तर अंगावर चादर टाकायची पण ओढत आत नेऊन कपडे बदलून सकाळी काही झालंच नाही असं दाखवायची नाही. आईला हे फार कठोर वाटलं, दोघींचं महिनाभर नीट बोलणं नव्हतं. मला मात्र वाटतं की आमच्या घरातलं सगळ्यात प्रेमाचं काम तेच होतं, कारण त्या सकाळी दादाला पहिल्यांदा स्वतःची उलटी स्वतः पुसावी लागली आणि कोणी ओरडत नव्हतं त्यामुळे राग काढायलाही कोणी नव्हतं. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, हे सगळं मारहाण सहन करा असं नाही. आमच्याकडे हात उचलणं नव्हतं. तुमच्याकडे असेल तर मिटिंग नंतर, आधी 112 किंवा महिलांसाठीची 181, आणि पोरांना घेऊन सुरक्षित जागी.

दादा थांबला तो एका रविवारी, एकदम, कोणाला न सांगता. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचा कप हातात धरता येईना, वहिनीने स्टीलच्या ग्लासात अर्धाच चहा दिला तर तोही सदऱ्यावर. आईला आनंद झाला होता की पोराने सोडली, आणि मला मिटिंगमध्ये एका ताईंनी सांगितलेलं आठवत होतं की रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या ग्लासानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भलतंसलतं दिसायला लागतं, त्याला डॉक्टर डीटी म्हणतात आणि त्यात माणसं जातात. तिसऱ्या रात्री दादा भिंतीवरून मुंग्या झाडायला लागला. भिंतीवर काही नव्हतं. लगेच दवाखान्यात नेलं, शांत करणारी औषधं, बी-1 चं इंजेक्शन, सलाइन, आठवडाभर भरती. डॉक्टर म्हणाले घरी ठेवला असता तर सांगता येत नव्हतं. म्हणून कोणी म्हणालं की मी आजपासून सोडतो तर आनंद करा पण आधी डॉक्टरकडे न्या, बंद करायची ती औषधांच्या आधाराने करा.

वॉर्डातच त्याला भेटायला एएचे दोन जण आले. वहिनीने अल-अनॉनमधून निरोप दिला होता, ते लोक असे जातात दवाखान्यात, स्वतःच्या पेट्रोलने. एकाने स्टूल ओढून बसत म्हटलं, "मला पण साप दिसायचे भाऊ." दादा हसला. किती दिवसांनी हसला.

दादाची अडचण मात्र वेगळीच निघाली. पहिल्या ओपन मिटिंगला, म्हणजे जिथे घरच्यांनाही बसू देतात, आम्ही सगळे गेलो आणि भिंतीवर 12 पायऱ्यांचा तक्ता, त्यात ईश्वर ईश्वर ईश्वर. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "हे आपल्याला कसं चालेल? आपण देव मानत नाही, 22 प्रतिज्ञा आहेत घरात." मला वाटलं झालं, बहाणा मिळाला. पण बहाणा नव्हता तो, तो खरंच अडला होता, आणि जे काका त्याला भेटायला वॉर्डात आले होते ते स्वतः जय भीमवाले निघाले. त्यांनी सांगितलं की तिथे "आम्हाला जसा समजला तसा" असं लिहिलंय ते वाच नीट, मी या खोलीतल्या लोकांनाच माझ्यापेक्षा मोठी शक्ती मानतो, एकट्याने माझ्याने होत नव्हतं आणि यांच्यासोबत होतंय, एवढं खरं आहे ना, बस. कोणी गणपती मानतं, कोणी येशू, कोणी काहीच नाही. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. दादाला ते पटलं. संघं सरणं गच्छामि रोज म्हणणाऱ्या माणसाला न पटायला काय झालं, असं आई म्हणाली, आणि आई त्या दिवशी पहिल्यांदा या विषयावर मऊ बोलली.

जादू नाही झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या दिवशी, महालातून मिरवणूक पाहून येतो म्हणून गेला आणि पिऊन आला. त्यांच्यात त्याला स्लिप म्हणतात. आधीचं घर असतं तर रात्रभर तमाशा झाला असता. वहिनीने जेवण झाकून ठेवलं आणि झोपली. सकाळी दादाने स्वतः त्या काकांना फोन लावला आणि संध्याकाळी मिटिंगमध्ये जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, तिथे कोणी हाकललं नाही, टाळ्या वाजवल्या, परत आला म्हणून. आता सणाच्या दिवशी ते लोक दुपारपासूनच एकमेकांना फोन करतात, मारबतीला आणि धुळवडीला तर जास्तीची मिटिंग लावतात, आणि दादा चहा करायला आधी जातो.

ज्यांना विचारायचं असतं की याचा खरंच उपयोग होतो का, त्यांच्यासाठी, 2020 मध्ये कोक्रेन या संस्थेने 27 अभ्यास आणि दहा हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. ज्या उपचारात लोकांना नीट पद्धतीने एएकडे वळवलं जातं त्यात वर्षभरानंतर अजिबात न पिणारे 42 टक्के, दुसऱ्या उपचारांमध्ये 35 टक्के. म्हणजे फायदा आहे पण निम्म्याहून जास्त लोक कधी ना कधी पितातच, हेही त्यातच आलं. म्हणून दादा मिटिंगसोबत डॉक्टरकडेही जातो, औषध घेतो, आणि एएमध्ये कोणी "गोळ्यांची काय गरज" म्हणालंच तर तो त्यांचं न ऐकता डॉक्टरचं ऐकतो. मला वाटतं दोन्ही पाहिजे.

कोणाला सुरुवात करायची असेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, फुकट आहे, मनाचं बोलायचं असेल तर टेलिमानसचा 14416. एएच्या आणि अल-अनॉनच्या वेबसाइटवर शहराप्रमाणे चौकशी करता येते, पण मॅपवर पाहून थेट जाऊ नका, आधी फोन करा, खोल्या बदलत राहतात, आणि विचारा की ओपन मिटिंग कोणत्या दिवशी आहे. या गटांचा फोन उचलणारा माणूस कॉल सेंटरचा नसतो, त्याच आजारातून गेलेला असतो, त्यामुळे अडखळलात, मधेच रडू आलं तरी चालतं. एकटीने जायची भीती वाटत असेल तर शेजारीण, बहीण, नणंद कोणालाही सोबत न्या, मी नणंदच आहे. पहिल्या दिवशी पटलं नाही तर दुसऱ्या गटात जाऊन पाहा, प्रत्येक खोलीचा स्वभाव वेगळा असतो, आम्हालाही दुसरीच आवडली. आणि वहिनी आता गुरुवारी तिथे चाव्या घेऊन सगळ्यात आधी जाते, बाक सरकवते, नवीन बाई दारात घुटमळत असेल तर बाहेर येऊन म्हणते, "या ना ताई, आत पंखा आहे."